दार उघड नं वं

परवा बाजारात गरम फुटाण्यांचा वास आला आणि मी मनानं थेट लहानपणीच्या वारासिवनीच्या टॉकीजमध्ये जाऊन बसले.

तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन. एकाच सिनेमात भुतांच्या चार गोष्टी होत्या, म्हणून साऱ्या मोहल्ल्यात त्याचीच चर्चा. दुपारच्या खेळाला मला सोबत म्हणून शांताआत्या आली. तिचा नवरा आदल्या वर्षी तापाने गेला होता. तेव्हापासून ती आमच्याकडेच राहायची आणि कामापुरतंच बोलायची.

पहिल्या दोन गोष्टी मी तिच्या पदरात तोंड खुपसूनच ऐकल्या. तिसऱ्या गोष्टीत मेलेला नवरा भर पावसात घरी येतो आणि दाराची कडी वाजवतो. आत बायको थरथरत उभी. सगळं टॉकीज गप्प झालं होतं, तेवढ्यात आत्या मोठ्यानं म्हणाली, “उघड नं वं दार! भिजून राह्यला तो!”

लोक खो खो हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी जाताना मी विचारलं, “आत्या, तुले भेव नाही लागलं काय?”

“आपल्याच माणसाचं कायचं भेव वं?” ती म्हणाली. मग घर येईपर्यंत ती नवऱ्याच्या खोड्या सांगत राहिली, मध्येच हसतही होती.

आमचे हे जाऊन आता तीन वर्षं झाली. टीव्हीवर भुताचा सिनेमा लागला आणि त्यात दार वाजलं की नातवंडं माझ्या कुशीत शिरतात. मी त्यांना थोपटते, आणि आतल्या बाईनं दार उघडावं म्हणून वाट पाहते.