चार, चार आणि नऊ

हिंदी मुलखातल्या रांझीच्या शाळेत विभावरी गावंडे यांनी एकोणीस वर्षे गणित शिकवले आणि एकोणीसही वर्षे त्या अतिथी शिक्षिकाच राहिल्या. घरी आलेल्या पाहुण्याला निदान चहा तरी विचारतात. शाळेच्या या पाहुण्यांना एप्रिलमध्ये निरोप आणि जुलैत पुन्हा अर्ज. कायम होण्याची परीक्षा त्यांनी यंदा शेवटची दिली. पुढल्या वर्षी वय आडवे येणार होते.

एका गुणाने त्या राहिल्या.

तो गुण कुठे गेला, हे त्यांना पक्के ठाऊक होते. समद्विभुज त्रिकोण. समान बाजूंपैकी एक तीन क्ष उणे पाच, दुसरी क्ष अधिक एक. पाया तीन क्ष. क्ष किती? दोन्ही बाजू समान मांडल्या की दोन क्ष बरोबर सहा, म्हणजे क्ष तीन. आठवीतले पोर इथे थांबते. बाईंनी सवयीने तीन परत जागेवर ठेवून पाहिले. बाजू चार आणि चार, पाया नऊ. दोघी मिळून आठ. नऊच्या पायावर त्या एकमेकींना गाठणार कशा? ‘असा त्रिकोण संभवत नाही’ या चौथ्या पर्यायावर त्यांनी खूण केली. उत्तरसूचीत तीन होते.

त्यांनी आक्षेप नोंदवला. ‘तज्ज्ञांनी तपासले, उत्तर कायम’ अशी एक ओळ आली. तेव्हा खराट्याच्या काड्या पट्टीने मोजून, चार, चार आणि नऊ इंचांच्या कापून, बाईंनी विजय नगरातले परीक्षेचे कार्यालय गाठले.

खिडकीतल्या बाबूने काड्या खरोखरच मांडून पाहिल्या. टोके भिडेनात.

“दीदी, थोड़ा खींच के जोड़ दो ना.”

“भैया, लकड़ी है, रबड़ नहीं.”

“अच्छा, आपका भी तीन आया था कि नहीं?”

“आया था.”

“तो तीन लिख देतीं! आगे काहे को गईं?”

त्याने काड्या कागदात गुंडाळून अदबीने परत दिल्या. त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, आणि तेच बाईंच्या अधिक जिव्हारी लागले.

घरी त्यांची मुलगी समिधा त्याच परीक्षेच्या तयारीला बसली होती. यंदाची प्रश्नपत्रिका तिच्या नव्या गाइडात उत्तरांसह छापून आली होती.

“आई, हे काहून जमून नाही राहिलं? गाइडात तीन दिलंय, पण ठेवून पाहिलं तर चार, चार, नऊ येऊन राहिले. मी चौथं टिक करू?”

बाईंच्या हातात काड्यांची पुडी तशीच होती.

“तीन लिही.”

“पण त्रिकोण बनतच नाही ना! तूच तर म्हणते, उत्तर परत ठेवून पाहायचं.”

“आता नको पाहू.”

समिधाने तीनवर खूण केली आणि पान उलटले.