सेकंदाला साठ चित्रं बघणारे श्रीपती आबा

वराळ्यात श्रीपती आबांना वेळ विचारायची सोय नाही. "आबा, किती वाजले?" असं कुणी विचारलं, की ते म्हणतात, "वाजल्यालं मला ठावं न्हाई. किती लागला ते इचार."

त्यांचं घड्याळ मनगटावर नसतंच. ते गळ्यात असतं, काळ्या दोऱ्याला, सदऱ्याच्या आत. अंगठ्यानं दाबायचं आणि सेकंद मोजायचे, एवढंच त्याचं काम. गेली चाळीस वर्षं आबा गावच्या यात्रेत घाटावरचे, म्हणजे शर्यतीच्या चढावरचे, घड्याळमास्तर आहेत. आमच्याकडे बैलगाडे एकमेकांच्या शेजारी पळत नाहीत. एकेक गाडा सुटतो, चढ चढून वरच्या रेषेपर्यंत जातो आणि त्याला किती सेकंद लागले त्यावर नंबर ठरतो. खाली निशाण पडलं की घड्याळ दाबायचं, वर बैलाचं नाक रेषेला लागलं की पुन्हा दाबायचं, आणि आकडा स्वतःच माइकवर वाचायचा. घड्याळाला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही, आकड्याला दुसऱ्या कुणाचं तोंड. ही रीत आबांच्या गुरूंनी घालून दिलेली.

"शिंगं बघायची न्हाईत," आबा सांगतात. "शिंगं फसवत्यात. नाक बघायचं. नाक खोटं बोलत न्हाई."

बाकीचं वर्ष अंगठा रिकामा राहू नये म्हणून आबा घरात मोजतात.

"चार मिन्टं बावीस," चहाला उकळी आली की ओट्यावरून आवाज येतो. "काल चार अकरा व्हती."

"काल दूध कमी व्हतं," आतून कस्तुराबाई, म्हणजे आबांची बायको. "आन् मला कुणी बोलण्यात गुतवत न्हवतं."

पुतणीच्या लग्नात तर आबांनी मंगलाष्टकं मोजली होती. गुरुजी अक्षता झटकत खाली बसले, तेव्हा आबा त्यांच्या कानाशी जाऊन हळूच म्हणाले, "पाचवं लय लांबलं."

अशा माणसाची नजर गेली, असं गावानं गेल्या वर्षी ठरवलं.

झालं असं की शिरगावच्या मारुतीचा गाडा सुसाट आला. अख्खा घाट ओरडला. आबांनी घड्याळ दाबलं, डोळ्यांसमोर धरलं आणि माइकवर सांगितलं, "अकरा अठ्ठ्याऐंशी!" मारुती गप्प बसणारा नव्हता. तो मोबाइल नाचवत मंचावर चढला. त्याच्या भाच्यानं सगळं शूटिंग केलं होतं. "आबा, मोबाइल सांगतोय अकरा अडतीस! अर्धा सेकंद खाल्लात माझा!" घड्याळ तोवर पुढच्या गाड्यासाठी शून्यावर आलं होतं, म्हणजे पुरावाही नाही. अंगठा उशिरा पडला, कारण नाक उशिरा दिसलं, असा सगळ्यांनी अर्थ लावला. कस्तुराबाई सांगतात, त्या रात्री आबांनी चहासुद्धा मोजला नाही.

यंदा यात्रा कमिटीचा अध्यक्ष झाला अतुल. प्लॉटचं काम करतो, पांढरी गाडी आहे, बोलायला गोड. त्यानं सांगितलं, "आबा, तुमचा मान आहेच. पहिला नारळ तुमच्याच हातनं. पण घड्याळाच्या जागी यंदा सेन्सर आणू."

"नारळ फोडायला नजर लागत न्हाई व्हय?" एवढंच आबा म्हणाले.

तेव्हापासून ते दुपारचे धम्मदीपच्या दुकानात बसायला लागले. आबांच्या ओट्याखालचीच खोली आहे ती, भाड्यानं दिलेली. बाहेर पाटी, 'गेमिंग झोन'. आत दोन टीव्ही, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि कॉलेजच्या हॉस्टेलवरची पोरं. खोली इतकी अरुंद की पडदा बघणाऱ्याच्या नाकापासून हातभर लांब. धम्मदीपनं सात वर्षं जुन्या मशीनवर धंदा उभा केला आणि आता शेजारी कोरं करकरीत नवं मशीन मांडलं होतं. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'फोर-के' लिहून घेतलं होतं.

पण पोरं पुन्हा पुन्हा जुन्यावरच जात होती.

"अरे, नव्यावर बसा की! झाडाचं पान न् पान दिसतं त्यात!"

"दादा, पानं बघायची असती तर गार्डनला गेलो असतो," एक पोरगा म्हणाला. "गाडी वळवायला मजा येत नाही त्यात."

कोपऱ्यातून आबा म्हणाले, "अडखळतंय त्ये."

"काय?"

"उजव्या अंगाची मोटार. अडखळत पळतीय. डावी बघ, तेल घातल्यागत चाललीय."

"आबा," धम्मदीपनं हात जोडले, "अख्खी दिवाळी मी या मशीनसाठी पोटाला चिमटा काढलाय. गिऱ्हाइकासमोर तरी त्याला अडखळतंय म्हणू नका."

नेमका त्याच वेळी अतुल यात्रेचं पोस्टर चिकटवायला दारात उभा होता. त्यानं ते ऐकलं आणि हसला. "धम्या, आबांना नवं मशीन अडखळताना दिसतंय? मग सेन्सरच बरा ना!"

धम्मदीपचं आबांवर चिडणं वेगळं आणि बाहेरच्यानं आबांना हसणं वेगळं. तो उठला, आतून चादर आणली आणि दोन्ही मशीनांवर टाकली. दोन्हीकडे मोटारींच्या शर्यतीचा एकच खेळ चालू होता.

"अतुलभाऊ, होऊन जाऊ दे. मी चादरीच्या आत वायरी बदलतो, नाही तर तशाच ठेवतो. कुठल्या टीव्हीला नवं मशीन आहे, ते आबांनी सांगायचं. ओळखलं तर यात्रेत घड्याळ आबांच्या गळ्यात."

"आणि नाही ओळखलं तर?"

"तर आमी नारळ फोडू," आबा म्हणाले आणि खुर्ची पुढं ओढली.

धम्मदीपनं चादरीत हात घातला, बरीच खुडबूड केली आणि बाहेर आला. कस्तुराबाई जेवायला हाक मारायला आल्या होत्या, त्या तिथंच चौकटीला टेकल्या. पोरांनी मोबाइल बाजूला ठेवले. दोन्ही पडद्यांवर गाड्या सुटल्या. आबांनी सदऱ्यातलं घड्याळ काढून मुठीत धरलं. मोजायला काही नव्हतं, पण घड्याळाशिवाय त्यांना बघता येत नसावं.

"चित्रं तर दोनी सारकीच," आबा म्हणाले.

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. एका पडद्यावर ओल्या रस्त्यात ढगांचं प्रतिबिंब होतं, दुसऱ्यावर रस्ता म्हणजे नुसता शेणानं सारवल्यासारखा.

"पर पळण्यात फरक हाय. हे उजवं मगापासलं अडखळतंय ते अडखळतंयच. हे डावं…" आबांचा अंगठा आपोआप घड्याळावर हलला. "वळणावर बी तुटत न्हाई. कोरं मशीन अडखळंल कशाला, वायरीच मगापासनं उलट्या असत्याल. नवं हे. डावं."

अतुलनं चादर ओढली. नवं मशीन उजव्या टीव्हीला होतं. धम्मदीपनं काहीच बदललं नव्हतं, नुसती खुडबूड केली होती.

"संपलं!" अतुल म्हणाला. "आबा, राग मानू नका, पण समोर ढग दिसतायत तरी…"

आबांनी घड्याळ सदऱ्यात टाकलं. ते उठणार, एवढ्यात धम्मदीप ओरडला, "थांबा! कुणी हलू नका!"

तो नव्या मशीनच्या सेटिंगमध्ये शिरला होता. एकेक पान उघडत गेला, मग कपाळावर हात मारून घेतला.

"आयला! आबा, मी लई मोठा गाढव आहे."

"ते राहू दे. सापडलं काय ते सांग."

"हे बघा. पडद्यावर खरं तर काही पळत नसतं. एकामागोमाग एक नुसती चित्रं दाखवतात. नव्यात दोन सोयी आहेत. एक म्हणजे चित्र एकदम बारीक, जुन्याच्या चौपट बारीक. पण तेवढं बारीक काढायला वेळ लागतो, म्हणून सेकंदाला तीसच चित्रं. दुसरी सोय, चित्र जरा कमी बारीक, पण सेकंदाला साठ. मी हौसेनं पहिली लावून ठेवली. आणि या खेळात जुनं मशीन जाडंभरडं का होईना, साठ दाखवतंय."

आबा म्हणाले, "म्हंजे तू बैलाला जरीची झूल घातलीस, शिंगांना गोंडं बांधलं आन् मग घाटात पळवलास."

"तसंच."

"मंग झूल काढ की!"

धम्मदीपनं सोय बदलली. उजव्या पडद्यावरची गाडी एकदम तेल घातल्यासारखी पळायला लागली. पोरं "ओऽऽ" करत नव्या मशीनकडे धावली. जुन्यासमोर कुणीच उरलं नाही.

धम्मदीप अतुलकडे वळला. "भाऊ, तीस आणि साठमधला फरक हातभरावरून धरला या माणसानं. मशीनचं नाव चुकलं असेल, नजर चुकलेली नाही. सेन्सर कशाला पाहिजे?"

अतुलला पटलं. पण तो प्लॉटवाला, कागद पूर्ण तपासल्याशिवाय उठत नाही. "मग गेल्या वर्षी अर्धा सेकंद कुठं गेला?"

आबा छताकडे बघायला लागले.

बोलल्या त्या कस्तुराबाई. चौकटीवरून त्या सरळ टीव्हीसमोर आल्या आणि पडद्याच्या कोपऱ्यात एका फेरीची वेळ दिसत होती, त्यावर बोट ठेवलं.

"अहो, हितं काय लिवलंय?"

"कशाला?"

"वाचा."

आबांनी मान मागं घेतली, पुढं आणली, तिरकी केली. "अठ्ठेचाळीस… अठ्ठ्याऐंशी."

पोरं म्हणाली, "त्रेचाळीस तेहतीस."

"चित्रं दोनी सारकीच म्हणालात तवाच वळखलं मी," कस्तुराबाई म्हणाल्या. "अंगठा बरोबर पडला व्हता. वाचताना तिनाचा आठ झाला. अडतीसचं अठ्ठ्याऐंशी झालं, दुसरं काय!"

"आबा, चष्मा?" धम्मदीपनं विचारलं.

"हाय की," उत्तर कस्तुराबाईंनीच दिलं. "कपाटात. चष्मा घातला की घड्याळ दिसतंय आन् घाट पुसट. काढला की घाट दिसतोय आन् घड्याळ पुसट. दोन्हीचा मिळून एक आणलाता, तर हेच मंचाच्या पायरीवरनं पडले. वरीसभर घरात कुणाला बोलू देत न्हाईत."

"घड्याळमास्तरला आकडा दिसत न्हाई म्हणून सांगू घाटाला?" आबा पुटपुटले. "त्यापरीस अंगठा उशिरा पडला म्हणू द्या."

धम्मदीप पुढं आला. "आबा, तुमच्यातही दोनच सोयी आहेत. एका वेळी एकच लागते. त्यात लाजायचं काय? एवढं महागाचं मशीन लाजत नाही."

"मग वाचणार कोण?" अतुल म्हणाला. "आबा घड्याळाला दुसऱ्याचा हात लावू देत नाहीत."

आबांनी कस्तुराबाईंकडे बघितलं. मग म्हणाले, "हात माझाच राहील. तोंड हिचं. ते तसंबी कुणी थांबवू शकत न्हाई."

यात्रेच्या दिवशी घाटाच्या मंचावर पहिल्यांदाच बाईमाणूस बसलं. कस्तुराबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं आणि माइक पाटा-वरवंट्याच्या वरवंट्यासारखा धरला होता. शेजारी बिनचष्म्याचे आबा, नजर रेषेवर. गाडा आला की अंगठा पडायचा, घड्याळ दोऱ्यासकट कस्तुराबाईंच्या नाकासमोर जायचं. दोरा आखूड, त्यामुळं आबांचं डोकंही बरोबर जायचं. घाट हसला, पण आकड्यावर कुणी हसलं नाही.

मग मारुतीचा गाडा लागला. मारुती स्वतः मोबाइल घेऊन वरच्या रेषेला येऊन उभा. निशाण पडलं. धुरळा, आरडाओरडा, आणि अंगठा.

"अकरा तेहतीस!" कस्तुराबाई गरजल्या. "तिनावर तीन! अठ्ठ्याऐंशी न्हाई, मारुती, तेहतीस! बघ तुझ्या त्या डबड्यात!"

मारुतीनं मोबाइल मागंपुढं करून बघितला आणि दोन्ही हात वर केले. घाट उसळला. कस्तुराबाईंनी माइक सोडला नाही. "आन् तुझा उजव्या अंगाचा बैल धापा टाकतोय, त्याला आधी सावलीला ने. आन् त्या पिवळ्या टोपीवाल्या, रेषेवरनं हट, ह्यांना नाक दिसत न्हाई."

"तू निस्तं वाच गं!" आबांचं बोलणंही माइकवर गेलं.

"तुमी निस्तं बघा," कस्तुराबाई म्हणाल्या. "फुडचा गाडा सुटला."