गाव माझं, मुलाखत तिची

मारामारी कशी थांबवावी हे शिकायला निघालेल्या आम्हा दोघींची आपसात मारामारी झाली नाही, एवढंच. माझ्या बाजूने कसर नव्हती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुंबईच्या एका संस्थेतल्या बाई रत्नागिरीत आल्या होत्या. तरुण पोरं हातघाईवर का येतात आणि त्यांना वेळीच कसं आवरता येईल, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. आमच्या कॉलेजातल्या दोघींना त्यांनी सुट्टीपुरतं शिकाऊ म्हणून घेतलं. प्रश्न कसा विचारायचा, गप्प कधी बसायचं, ऐकलेलं पोटात कसं ठेवायचं, हे त्या शिकवत. सुट्टी संपली की दोघींपैकी एकीला पुढच्या प्रशिक्षणासाठी मुंबईला नेणार होत्या. ती एक म्हणजे मीच, असं मी धरून चालले होते.

दुसरी मिरकरवाड्याची. आई मासळीच्या लिलावात उभी राहणारी, आणि लेकीचा आवाजही तसाच, खालच्या पट्टीत येतच नसे. मी शुद्ध बोलायचे, वेळेवर यायचे, तरी बाई तिच्याकडे बघून हसायच्या. माझ्या पोटात दुखायचं. आज लिहितानाही दुखतंय.

अभ्यासासाठी गाव मी सुचवलं, माझंच. त्या शिमग्यात पालखी आधी कुठल्या वाडीने खांद्यावर घ्यायची यावरून आमच्याकडे काठ्या निघाल्या होत्या. एका पोराचं डोकं फुटलं. काठी घालणारा माझा धाकटा भाऊ. "का मारलंस रे?" असं घरात सगळ्यांनी विचारलं, मी तर रोज. तो उठून गोठ्यात जाई.

मला गावची रीत ठाऊक होती. काही विचारायचं तर आधी मानकऱ्यांपुढे नारळ ठेवायचा. मी ठेवला. मानकरी खूश झाले. त्यांनी दोन्ही वाड्यांची पोरं ओटीवर बोलावली आणि स्वतः मध्ये बसले. मी टेपरेकॉर्डर सुरू करून प्रश्न विचारी, पोरं त्यांच्याकडे बघत, आणि उत्तर ते देत. "आमची पोरं गुणाची हायत गो!" डोक्याला टाके पडलेला पोरगाही मान डोलवत होता. माझा भाऊ तिकडे फिरकलाच नाही. माझ्या अख्ख्या टेपवर एका म्हाताऱ्याचा आवाज होता.

तिला यातलं काही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती थेट सहाणेपाशी गेली. सहाण म्हणजे पालखी टेकवायचा दगडी चौथरा, त्याच्या कडेला संध्याकाळी पोरं बसत. ही बया चपला घालून वर चढली! पोरं ओरडली, "चपला! चपला काढ आधी!" तिने चपला काढल्या, कान धरले, देवाला हात जोडले आणि म्हणाली, "आता मलापण काठी घालताय काय रे?" पोरं हसली. दिवेलागणीपर्यंत तिच्याशी बोलत बसली. पुढेही ती जात राहिली, आणि पोरं एकेकटी येऊन बोलू लागली. बाई हे कौतुकाने सांगत होत्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. रीत पाळली मी, मोडली तिने, आणि शाबासकी तिला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काय खोटं?

शेवटच्या आठवड्यात बाईंनी तिची एक टेप काढली. "दुसरी लावा ना," ती म्हणाली. मला वाटलं, मेली विनय दाखवतेय. "प्रश्न कसा विचारावा, ते ऐक," बाई मला म्हणाल्या. टेपमध्ये कुणाचं नाव नव्हतं, बोलणारा कोण हे बाईंनाही ठाऊक नव्हतं.

"काठी उचललीस तेव्हा भीती वाटली काय तुला?" तिचा आवाज, चक्क खालच्या पट्टीतला.

मग, "वाटली. तो मेला असता तर? मना झोप नाय लागत." आणि मग रडणं.

माझा भाऊ होता.

मी तिच्याकडे पाहिलं. ती खाली बघत होती. तो कोणाचा भाऊ हे तिला माहीत होतं, आणि तिने मला एका शब्दाने कळू दिलं नव्हतं. मुंबईला तीच जाणार हे मला तिथेच कळलं. त्याचं दुःख झालं, पण ते गिळता आलं असतं. माझ्या पाठचा भाऊ तिच्यापुढे रडला, हे गिळवेना. एका घरात राहून मला त्याचा हुंदका ऐकू आला नव्हता, आणि तो हिने टेपवर भरून आणला होता. इतका मत्सर मी पुढे कुणाचाच केला नाही, नवऱ्याच्या पहिल्या प्रेमाचासुद्धा नाही.

घरी आले तेव्हा तो परसात आंब्याच्या पेट्या ठोकत बसला होता. ऐकलेलं पोटात ठेवायचा बाईंचा नियम गेला खड्ड्यात, असं म्हणून मी त्याच्यासमोर उकिडवी बसले. आवाज शक्य तितका मऊ केला.

"भीती वाटली होती काय रे तुला, तेव्हा?"

त्याचा हातोडा थांबला. माझ्याकडे त्याने नीट बघून घेतलं.

"ह्यो प्रश्न तिचा हाय, ताय," तो म्हणाला. "तुजा काय असंल तो इचार."

मी सांडलेले खिळे वेचू लागले, तेव्हा त्याने पुढचा खिळा उचलला.