आबांना भुईवर घेतलं तेव्हा

मेहरूणच्या अक्का नसत्या, तर आज मी घरापासून इतक्या लांब, बंगळुरूच्या इस्पितळात पेशंटच्या उशाशी उभा नसतो. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. पण आधी त्यांचं सांगतो, मग काय घडलं ते.

आठवीत शाळा सोडून मी साक्रीकडच्या डोंगरातल्या गावातून निघालो आणि मिळेल ते काम करत करत जळगावला, मेहरूण भागात आलो. अक्कांच्या यजमानांना लकवा मारला होता. त्यांना सगळे आबा म्हणायचे. त्यांना उचलायला, पुसायला, नाकातल्या नळीतून पातळ पेज द्यायला माणूस हवा होता. तो मी.

आबांची खाट लोखंडी, दवाखान्यात असते तशी. पायाशी उशाकडची बाजू वर-खाली करायला फिरवायचं हँडल, त्याच्यावर इंग्रजी अक्षरं आणि बाण. पहिल्याच दिवशी अक्कांनी विचारलं, "वाचता येतं का हे?"

मी अक्षरं जुळवली. "लोअर."

"म्हणजे काय?"

लोअर म्हणजे मला तोवर दोनच गोष्टी माहीत. रेल्वेतली खालची बर्थ, आणि बाजारात मिळते ती नाडीची पँट. तसं सांगितलं तर अक्का इतक्या हसल्या, की आबांनीही डोळे उघडले.

अक्का अमळनेरच्या कॉलेजात शिकलेल्या. दुपारी वाती वळता वळता त्या मला तो एकच शब्द शिकवत बसायच्या. टीव्हीचा आवाज कमी करणं म्हणजे लोअर. डॉक्टर औषध कमी करतात तेही. दुकानदार भाव खाली आणतो, चिडलेला माणूस आवाज, ओशाळलेला नजर.

"आणि विहिरीत बादली सोडतो ते?"

"दोर हातात असेल तर लोअर. सुटला तर नाही," अक्का म्हणाल्या. "खाली टेकेपर्यंत हात सुटत नाही. तेवढं लक्षात ठेव, बाकी विसरलास तरी चालेल."

मी शिकत गेलो आणि त्या घरात एकेक करून सगळंच खाली येत गेलं. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. का, ते सांगितलं नाही. भेटायला येणारे दारातच आवाज खाली आणू लागले. माझ्या आईचा फोन यायचा, सगळं ठीक आहे ना ते विचारायला. "बठ्ठं बरं शे ना रे?" मी म्हणायचो, बरं शे. आबांच्या घशातली घरघर तिला ऐकू जाऊ नये म्हणून गॅलरीत जाऊन बोलायचो.

एका सकाळी रावेरकडून आबांचे धाकटे भाऊ आले, नाना. बरोबर आबांचे दोन पुतणे. नाना उभ्या उभ्याच आबांचा श्वास ऐकत राहिले, मग त्यांनी तळपायाला हात लावून पाहिला. एका पुतण्यानं खाटेशेजारची फरशी पुसली आणि घोंगडी अंथरली.

मला कळलं. आमच्याकडेही जाणाऱ्याला खाटेवर जाऊ देत नाहीत, भुईवर घेतात. आणि एकदा घेतलं की परत वर चढवत नाहीत.

पण मी नुकतीच खाटेची उशाकडची बाजू वर करून पेज दिली होती. लगेच आडवं केलं तर ती श्वासात जायची आणि आबा गुदमरून गेले असते. नळी घालायला येणाऱ्या नर्सबाईंनी मला हे पुन्हा पुन्हा बजावलं होतं.

"नाना, तासभर थांबा."

"तू कोन रे सांगनारा? खाटल्यावर जीव गेला तं लोकं काय म्हनतीन?"

"आत्ताच पेज दिलीय. घशात येईल."

"आयकलं का वहिनी? भाऊ माझा चालला, अन् हा पेजीचं सांगू राह्यला!"

पुतण्या हँडलकडे वाकला. अक्का उठल्या आणि त्याच्याआधी त्यांनी हँडल धरलं.

"खाटेवर गेले तर बोल मला लावा," त्या म्हणाल्या. "याला नाही."

नाना दाराशी जाऊन बसले. आबांचा पुढचा श्वास यायला उशीर लागे, आणि तेवढ्या वेळात सगळी खोली माझ्याकडे बघत असे. आत्ता गेले, तर त्यांना भुई मिळू दिली नाही तो मीच. अक्का काहीही म्हणोत. पेज श्वासात नको जायला, आणि जीवही नको जायला, एवढंच मी मनात घोकत होतो.

शेवटी अक्कांनी विचारलं, "आता?"

मी मान हलवली.

"फिरव. सावकाश."

हँडल करकरलं. आबांची पाठ आडवी झाली. मग चादरीचे कोपरे धरून नाना, पुतणे आणि मी त्यांना उचललं. अक्कांचे दोन्ही हात डोक्याखाली. "सोडू नका, टेकू द्या," त्या म्हणत होत्या. डोकं घोंगडीवर टेकलं तरी त्यांनी हात काढला नाही. दिवेलागणीला आबा शांतपणे गेले, तेव्हाही हात तिथंच होता.

नाना तेराव्यापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. अक्कांनी मात्र ओळखीच्या डॉक्टरांना फोन करून मला इथं लावून दिलं.

इथल्या खाटांना बटण आहे. सिस्टर 'लोअर' म्हणाल्या की एका बोटाचं काम. तरी दर वेळी माझा दुसरा हात पेशंटच्या डोक्याखाली जातो. बाकीचे हसतात.

परवा अक्कांचा फोन आला. त्या पडल्यात, उठता येत नाही. मागच्या खोलीतली तीच खाट काढून लावलीय. सांभाळायला एक मुलगी आहे, पण हँडल भराभरा फिरवते म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खाली गेलाय की मी फोन कानाशी दाबून धरला होता. मागे कुणीतरी फरशी पुसत होतं, की मला तसं वाटलं, कोण जाणे.

अक्का, मी येईन. घोंगडी अंथरायची वेळ येईल त्या दिवशी हँडलपाशी मी असेन. तुम्ही टेकेपर्यंत माझा हात निघणार नाही.