अक्काची डावी पोटरी

माझं वजन एकशे अठरा किलो होतं तेव्हा बदनापूर-जालना जीपचा ड्रायव्हर मला लांबून बघितलं की पुढच्या सीटवरच्या माणसाला मागे पाठवायचा. "मॅडमला बराबर बसू द्या," म्हणायचा. बराबर म्हणजे दोघांच्या जागेत. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. वर्गातल्या पोरांनी मला काय नाव ठेवलं होतं ते मला माहीत होतं, आणि ते इतकं चपखल होतं की मला कधी रागावता आलं नाही.

पुढे गुडघे गेले, साखर वाढली, फळ्यावर चार ओळी लिहिल्या तरी धाप लागायला लागली. तेव्हा भाचीनं लकडा लावला. वजन कमी करायचं ऑपरेशन पुण्यात होतं, दुर्बिणीतून जठर लहान करतात म्हणे. तिनं परस्पर डॉक्टरांची वेळ घेतली. मी ती दोनदा रद्द केली.

तिला वाटायचं, मावशी ऑपरेशनला भिते. ऑपरेशनला मी भीत नव्हते. भूल देतील, कापतील, शिवतील, त्यात माझं काय काम? माझी भीती नंतरची होती. पलंगावरून पाय खाली ठेवायचा आणि चार पावलं चालायचं, एवढ्याचीच. माझी अक्का तशीच गेली होती.

अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. ती लग्न होऊन घनसावंगीकडे गेली तेव्हा मी चौथीत होते. आता माझी वेणी कोण घालणार, या एका मुद्द्यावर मी तीन दिवस शाळेत गेले नाही. त्यानंतर अक्का म्हणजे दिवाळीचे चार दिवस, आणि त्यातलेही दोन तिला भेटायला येणाऱ्या बायका खाऊन टाकायच्या. बहीण माझी आणि गप्पा यांच्या, म्हणून मी स्वयंपाकघरात भांडी आपटायचे.

शहाऐंशी साली तिची पिशवी काढावी लागली. जालन्याच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि आठव्या दिवशी आम्ही तिला माहेरी, बदनापूरला आणलं. निघताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरात थोडं थोडं फिरवत जा. आईनं मान हलवली. जीपमध्ये बसल्यावर म्हणाली, "त्याहिला काय जातंय सांगायला. टाके तुटले मंग?"

आमच्याकडे रीत वेगळी होती. पोट फडक्यानं आवळायचं, कानात कापूस घालायचा, पाणी बेतानं द्यायचं, कारण जास्त पाण्यानं जखम ओली राहते असं सगळ्या बायका मानायच्या. आणि सव्वा महिना बाजेवरून पाय खाली ठेवू द्यायचा नाही. पहाऱ्यावर मला नेमलं. तो पहारा मी जसा केला तसं नंतर आयुष्यात दुसरं कोणतंच काम केलं नाही.

"जरा अंगणात जाऊन येऊ दे गं," अक्का म्हणायची. "पाठीला मुंग्या येऊन राह्यल्या."

"गप पड. उठायचं बिलकुल नाव काढू नको," मी म्हणायचे. आठ वर्षांनी मोठ्या बहिणीला दटावण्यात जी मजा असते ती मी पोटभर घेतली.

पाचला शाळेतून यायचे, हातपाय धुऊन बाजेच्या पायथ्याशी बसायचे, तिचे पाय मांडीवर घ्यायचे आणि दाबत राहायचे. ती बोलत राहायची. जावेच्या खोड्या, सासऱ्यांचा तिरसटपणा, मी दोन वर्षांची असताना कोंबड्यांच्या खुराड्यात कशी झोपले होते. माझ्याबद्दल मलाच माहीत नसलेल्या किती गोष्टी तिच्यापाशी होत्या! पंधरा वर्षांचा अनुशेष आम्ही भरून काढत होतो. आजही दुपार कलली की माझ्या मांडीला त्या पायांचं वजन जाणवतं आणि जीव तळमळतो.

एक गोष्ट मी तेव्हा कुणाला सांगितली नाही, स्वतःलाही नाही. ती लवकर उठायला मला नकोच होती. उठली की बरी झाली, आणि बरी झाली की घनसावंगीची जीप.

घरी आणल्यापासून चौथ्या दिवशी तिची डावी पोटरी दुखायला लागली. जरा सुजली होती, हाताला गरम लागत होती. मी तिळाचं तेल कोमट केलं आणि चोळून दिली. चांगली रगडून, जोर लावून. "तुझ्या हाताला गुण हाये बाई," अक्का म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चोळली. तिसऱ्या दिवशी सकाळी आई शेजारी गेली होती आणि मी चहा गाळत होते, तेवढ्यात अक्का आपली आपण उठली. न्हाणीपर्यंत चारच पावलं होती. तिनं चौकट धरली, "दम लागला गं," म्हणाली आणि खाली बसली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

गल्लीनं निकाल दिला, उठायची घाई केली. आईनं तो मानला. मीही मानला, आणि त्यात मला एक आधार होता. मी तर तिला उठू नको म्हणत होते.

भावजींनी दुसरं लग्न केलं. अक्काबरोबर आलेली सहा वर्षांची भाची आमच्याकडेच राहिली, ती मीच वाढवली. तिच्यासाठी गोडाधोडाचं करायचे, ती दोन घास खाऊन उठायची, उरलेलं मी संपवायचे. दुःखानं माणसं वाळतात म्हणे. मी फुगले. माझं लग्न राहून गेलं आणि तिचं मात्र मी हौसेनं करून दिलं.

तर शेवटी तिसऱ्या खेपेला भाची मला पुण्याला घेऊनच गेली. डॉक्टर तरुण होते, कागदावर पायाचं चित्र काढून समजावत होते. "तुमचं वजन जास्त, त्यात ऑपरेशन, म्हणून पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका असतो. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. पडून राहिलं की गुठळी धरते. म्हणून घट्ट मोजे घालायचे, रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं घ्यायची आणि त्याच संध्याकाळी उठून चालायचं."

"त्याच संध्याकाळी?" मी विचारलं.

"हो. आणि घरी गेल्यावर एखादी पोटरी दुखली, सुजली, गरम लागली, तर चोळायची नाही. लगेच दवाखान्यात यायचं."

"चोळायची का नाही?"

"गुठळी सुटू शकते."

मी दोन्ही हात पदराखाली घेतले. भाची शेजारी बसून वहीत सगळं लिहून घेत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

घरी आल्यावर ऑपरेशन कायमचं रद्द करून टाकावं, हे ओघानंच आलं असतं. पण भीतीनं कूस बदलली होती. आता मला पडून राहायचं भय वाटायला लागलं. दुपारी आडवी झाले की दचकून उठायचे. वर्गात खुर्चीवर बसले की टेबलाखाली पावलं वरखाली हलवायचे. दर तासाला पोटऱ्या चाचपून बघायचे. पोरांना वाटलं, बाईंना खाज सुटली. डॉक्टरांना फोन करून मी तेच तेच प्रश्न विचारले, आणि तो भला माणूस तीच तीच उत्तरं देत राहिला. रोज सकाळी स्टेशनपर्यंत चालत जायला लागले. धापा टाकत, थांबत थांबत. चालताना अक्का आठवायची. एवढी वर्षं ती मला बाजेवर पडलेलीच आठवायची. आता ती उठून बसलेली असायची, चपला शोधत असायची, आणि मला तिला अंगणात न्यायचं असायचं. एकदा, फक्त एकदा, "ऊठ गं अक्का" म्हणायला मिळावं, एवढंच मागणं होतं. ते कुणाकडे मागायचं, तेही कळत नव्हतं.

ऑपरेशन झालं. संध्याकाळी नर्स आली, "चला मावशी, उठा." मांड्यांपर्यंत घट्ट मोजे चढवलेले, तोंडाला कोरड, आणि पाय काही खाली जाईनात. डोक्याला सगळं पटलेलं होतं, पायांना पटत नव्हतं. भाचीनं माझ्या काखेत हात घातला. मी डोळे मिटले आणि पाय टेकवले. फरशी गार होती. एक पाऊल टाकलं. श्वास येत होता. दुसरं टाकलं. चौकट आली तेव्हा मी ती धरली, आणि पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यातल्या चौथ्या चकरेला मला राहवलं नाही. आत्ता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, असं वाटलं.

"तुझी आई उठल्यामुळं गेली न्हाई," मी म्हणाले. "आम्ही पाडून ठेवल्यामुळं गेली. अन् मी तिची पोटरी चोळली. दोन दिवस."

भाची चालतच राहिली. "मला म्हाईत हाये, मावशी."

"कसं?"

"धाकट्याच्या टायमाला सिझर झालं ना माझं. दुसऱ्या दिवशी नर्स उठवायला लागली तर मी रडले, म्हणलं माझी आई अशीच उठली अन् गेली. मंग तिनं सगळं विचारलं. किती दिवस पडून व्हती, पाय दुखत व्हता का. तू तेल लावताना मी बघितलंच व्हतं."

धाकटा चार वर्षांचा होता. चार वर्षं ती दर सणाला येत होती, माझ्या हातचं खात होती, माझ्या गुडघ्यांना मलम लावत होती.

"मंग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तू माझ्या तोंडाकडं बघितलं नसतंस. मंग मला माहेर कुठं राह्यलं असतं?"

मी भिंतीला टेकले. रडू आलं तसे टाके ओढायला लागले. मला अक्का हवी होती, तिथंच, त्या क्षणी, मला चार शिव्या द्यायला. तिच्या जागी तिची लेक एका हातात सलाइनचा स्टँड धरून उभी होती.

"थांबू नको," ती म्हणाली. "चाल."