न दाखवलेला बारावा भाग

अॅडलेडच्या मॉसन लेक्स उपनगरातल्या मराठी मंडळींत कुणाचं काही हरवलं, की श्रीनाथ देवस्थळीला फोन लावायची पद्धत पडून गेली होती. वास्तविक किल्ल्या, पाकिटं, मांजरं असलं काही तो शोधत नसे. तो शोधायचा ते टीव्हीवर एकदाच दिसून कायमचे गडप झालेले कार्यक्रम, डब्यासकट हरवलेल्या फिल्म आणि कधी बाजारातच न आलेले व्हिडिओ गेम. पण लोकांना एवढा बारकावा कुठला समजायला! शोधणारा तो शोधणारा, मग मांजर का असेना.

२००७ साली तो इथे मास्टर्स करायला आला. पुढे त्याच युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, वर्गांमधले प्रोजेक्टर, माइक आणि कॅमेरे सांभाळायची नोकरी लागली, पीआर म्हणजे कायम राहायचा परवाना मिळाला आणि गडी इथलाच झाला. युनीच्या तळघरात कुणीही विचारत नसलेल्या जुन्या यंत्रांचा ढीग होता. दुसरा कुणी असता तर नाकाला रुमाल लावून बाहेर पडला असता, हा डबा घेऊन तिथेच जेवायला बसू लागला. मग इंटरनेटवर त्याच्यासारख्याच खुळ्यांचा एक ग्रुप सापडला आणि उरलीसुरली आशाही संपली. अॅडलेडमधल्या एका बुडालेल्या चिमुकल्या कंपनीने बनवलेला, पण कधी विकायला न आणलेला एक गेम होता, त्यात बिळं खणणारा वॉम्बॅट नावाचा गुबगुबीत प्राणी हीरो. तो शोधण्यात श्रीनाथची दोन वर्षं गेली. एका गॅरेज सेलमध्ये, चमच्यांच्या खोक्यात, त्याची सीडी सापडली. गेम सुरू झाला आणि वॉम्बॅट पहिल्याच बिळात अडकला, तो आजतागायत तिथेच आहे. श्रीनाथने त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले होते.

त्याची बायको मयूरा फार्मासिस्ट. तिचं म्हणणं असं, की नवऱ्याला दारूचं व्यसन असतं तर निदान त्यावर औषध तरी देता आलं असतं.

२०२०च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं, तेव्हा इथल्या मराठी मंडळाने एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी केली आणि दर शनिवारी भाजी पोचवायचं काम वाटून दिलं. श्रीनाथच्या वाट्याला सॉल्सबरीच्या वासंतीकाकू आल्या. वय शहात्तर, मुलगी मिताली डार्विनला हॉस्पिटलात डॉक्टर. तिला रजा नाही आणि राज्यांच्या सीमांचे नियम दर आठवड्याला बदलत होते. श्रीनाथ पिशवी पायरीवर ठेवून मागे सरकायचा आणि काकू जाळीच्या दाराआडून गप्पा मारायच्या. दोन मिनिटं म्हणत तासभर.

तिसऱ्या शनिवारी त्यांनी विषय काढला. त्यांचे यजमान चारुदत्तकाका गाड्यांच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट फिटर होते, पण मूळचा पिंड मास्तरांचा. १९९५ साली गावातल्या एका हौशी टीव्ही वाहिनीवर त्यांनी दर शनिवारी पंधरा मिनिटांचा मराठी कार्यक्रम केला, ‘सांगतो ते ऐका’. नवीन आलेल्या मराठी कुटुंबांनी छपराचे पन्हाळे कसे साफ करावेत, रवा कुठल्या दुकानात मिळतो, शाळेच्या मीटिंगला गेल्यावर काय विचारावं, असलं सगळं त्यात असायचं. अकरा भाग लागले. बाराव्याच्या वेळी दोघं भाचीच्या लग्नाला पुण्यात होती, तो आपल्या माघारी लागला असं काकांनी सांगितलं आणि त्यानंतर कार्यक्रम थांबला. घरी टेप करून ठेवायचं कुणाला सुचलं नाही. वाहिनीकडे असणारच की! पुढे वाहिनी बंद पडली. काका २००३ साली गेले.

आता काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडत चालला होता. समोरचं माणूस कडेने दिसायचं, मधला चेहरा पुसल्यासारखा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, यावर इलाज नाही, वर्षभरात चेहरे ओळखता येणार नाहीत.

“फोटो आहेत रे पुष्कळ,” काकू म्हणाल्या, “पण फोटोत हे पासपोर्ट ऑफिसात बसल्यासारखे बसतात. मला हे हलताना बघायचेत. बोलताना हात नाचवायचे ना, तसे. डोळे जायच्या आत एकदाच.”

श्रीनाथ नो वरीज म्हणाला खरा, पण गाडीत बसल्यावर त्याला दडपण आलं. आजवर त्याने जे जे शोधलं, ते कुणाला हवं होतं म्हणून शोधलं नव्हतं. सापडलं तर पेढे, नाही तर नाही. इथे तसं नव्हतं.

त्याने आकाशपाताळ एक केलं. वाहिनीत फुकट काम केलेल्या लोकांची यादी जमवली. त्यातले निम्मे वारले होते आणि उरलेल्या निम्म्यांना आपण तिथे होतो हेच आठवत नव्हतं. एक जण सिडनीला ब्लॅकटाउनमध्ये सापडला. त्याच्या गॅरेजमध्ये तीन खोकी टेप होत्या, त्या त्याने व्हिडिओ कॉलवर एकेक करून दाखवल्या. मासेमारी, बॅगपाइप, परत मासेमारी. एका ग्रंथालयात जुन्या टीव्ही गाइडचा अंक मिळाला, त्यात शनिवारच्या रकान्यात कार्यक्रमाचं नाव इंग्रजीत वेडंवाकडं छापलेलं होतं. श्रीनाथने त्याचीच मोठी प्रत काढून काकूंना नेऊन दिली. त्यांनी कागद डोळ्यांच्या अगदी जवळ धरला, मग तिरका धरला आणि छान आहे म्हणाल्या.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी तो नेहमीप्रमाणे दारासमोर उभा राहिला आणि काकूंनी विचारलं, कोण पाहिजे? त्याने आवाज दिल्यावर त्या हसल्या. श्रीनाथला मात्र हसू आलं नाही. घरी येऊन त्याने ग्रुपवर चौथ्यांदा निरोप टाकला आणि मयूराने पहिल्यांदाच त्याला त्यावरून टोमणा मारला नाही.

दसऱ्यापर्यंत अॅडलेडमध्ये घरी चार माणसं बोलवायला परवानगी मिळाली होती. काकूंनी श्रीनाथ-मयूराला जेवायला बोलावलं. पाटावर पूजा मांडलेली होती. कात्री, शिवणयंत्राची पेटी, काकांचे स्क्रूड्रायव्हर आणि पाने, गाडीची किल्ली. त्यांच्या मधोमध, जुन्या उपरण्यावर, पाठ्यपुस्तकाएवढी एक काळी कॅसेट ठेवलेली होती. तिच्यावर हळदकुंकवाचे थरच्या थर होते, वर अक्षता, झेंडू आणि नुकतंच शिंपडलेलं पाणी.

श्रीनाथने हातातला वरणाचा घास परत ताटात ठेवला. अशी कॅसेट घरच्या व्हीसीआरमध्ये जात नाही. ती टीव्हीवाल्यांची, यू-मॅटिक नावाची.

काकूंनी सहज सांगितलं, की ते ह्यांचं हत्यार. वाहिनीने कॅमेरा आणि माइक परत नेला, एवढी एक कोरी कॅसेट राहिली. हे स्वतः दरवर्षी तिची पूजा करायचे. ते गेल्यावर गेली सतरा वर्षं त्या करत होत्या. एरवी ती ट्रंकेत तळाशी असायची, दसऱ्यालाच बाहेर यायची. कोरी कॅसेट कुणाला काय दाखवायची, म्हणून त्या बोलल्या नव्हत्या.

श्रीनाथने हात धुतले, नमस्कार केला आणि परवानगी मागून कॅसेट उलटी केली. या कॅसेटींना पोटाखाली एक लाल बटण असतं. रेकॉर्डिंग झालं की ते काढून टाकतात, म्हणजे चुकून वर दुसरं काही भरलं जात नाही. इथे बटण काढलेलं होतं. शेजारी पेन्सिलीने बारीक आकडा लिहिला होता, १२.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! सहा महिने ब्लॅकटाउनपर्यंत फोन फिरवले आणि चीज दारापासून पंधरा पावलांवर ट्रंकेत पडलेली.

“काकू, ही कोरी नाही,” तो म्हणाला. “हा बारावा भाग आहे.”

काकूंनी कॅसेटच्या कडेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी सांगितलं, की बारावा भाग त्यांच्या चांगला लक्षात आहे, कारण त्या दिवशी कॅमेरावाला आला नव्हता आणि कॅमेरा काकूंनी स्वतः धरला होता. तो लागलाच नसणार. चित्र हललं म्हणून वाहिनीने परत केला असणार आणि हे मुकाट्याने हत्यारांत ठेवून कोरी आहे म्हणाले असणार. मानी माणूस. बायकोला वाईट वाटू नये म्हणून लग्नाचं निमित्त करून मोकळा झाला. हे सांगताना काकूंचा आवाज थोडा रागावलेला होता आणि त्या रागात भरपूर माया होती.

खरी पंचाईत श्रीनाथने तिथे बोलून दाखवली नाही, गाडीत मयूराला सांगितली. ओली हळद आणि कुंकू झाकणाच्या फटीतून आत उतरलं असणार. त्यात फीत पंचवीस वर्षांची, चिकट झालेली. यंत्रातून धडपणे एकदा जाईल, दुसऱ्यांदा नाही. ज्या हातांनी ती इतकी जपली, त्याच हातांनी तिचं वाटोळं केलं होतं. हे काकूंना सांगायचं कुणी?

नोव्हेंबरात सरकारने सहा दिवसांचा कडक लॉकडाऊन लावला आणि तीनच दिवसांत उठवला. ते तीन दिवस श्रीनाथला पुरले. काकूंकडून कॅसेट आणि युनीतून रीतसर लिहून देऊन तळघरातलं यू-मॅटिकचं यंत्र त्याने घरी आणलंच होतं. कॅसेटचे पाच स्क्रू काढले आणि मऊ ब्रशने, चष्म्याच्या फडक्याने वीतवीत करत फितीवरची हळद टिपली. चिकटपणा घालवायला फीत मंद आचेवर सुकवावी लागते आणि त्यासाठी जगभरचे हे खुळे फळं वाळवायचं यंत्र वापरतात. मयूराच्या त्या यंत्रात आंबापोळी होती. तिने निमूटपणे ती बाहेर काढली, ताटल्या पुसून दिल्या आणि आठ तासांनी उलटायची का, एवढंच विचारलं. वाळवण ते वाळवण. या बाईवर आपलं किती प्रेम आहे, हे श्रीनाथला त्या दिवशी नव्याने कळलं.

रविवारी सकाळी तो कॅसेट, यंत्र, तारा आणि लॅपटॉप घेऊन काकूंकडे पोचला. काकू जरीकाठी साडी नेसून बसल्या होत्या. त्याने सगळं जोडलं. एकीकडे टीव्हीवर दिसणार, दुसरीकडे लॅपटॉपमध्ये उतरणार. कळ दाबताना त्याने मनातल्या मनात सगळे देव पाण्यात घातले.

पडद्यावर पांढऱ्या रेघा धावल्या, मग एक स्वयंपाकघर उभं राहिलं आणि स्वेटर घातलेला, तरतरीत नाकाचा माणूस हात नाचवत म्हणाला, मंडळी, अॅडलेडच्या थंडीत दही लागत नाही म्हणून रडू नका, सांगतो ते ऐका.

काकूंनी मान खिडकीकडे वळवली. श्रीनाथला आधी वाटलं, त्यांना बघवत नाहीये. मग त्याच्या लक्षात आलं. सरळ बघितलं की त्यांना तो चेहरा दिसत नव्हता. नवऱ्याला बघायचं तर त्यांना दुसरीकडे बघावं लागत होतं. त्या तशाच, खिडकीकडे तोंड करून, डोळ्यांच्या कडेने बघत राहिल्या आणि हसत राहिल्या.

सातव्या मिनिटाला आवाज खरखरला आणि गेला. काका बोलत होते, हात नाचत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. आवाजाची पट्टी फितीच्या कडेला असते, तिथेच कुंकू खोल मुरलं होतं. श्रीनाथ यंत्राची एकेक कळ पिळू लागला. त्याचे कान लाल झाले.

“हळदकुंकवानं गेला ना?” काकूंनी विचारलं.

खोटं बोलायची त्याची फार इच्छा होती, पण ते त्याला कधीच साधलं नव्हतं. हो, म्हणाला.

“मीच घालवला म्हणजे,” काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले, ते त्यांनी घाईने पुसले, कारण भरल्या डोळ्यांनी बघण्यात वेळ जात होता. “राहू दे. चालू ठेव. मला पाठ आहे ते.”

आणि त्या बोलायला लागल्या. दर शुक्रवारी काका स्वयंपाकघरात तालीम करायचे आणि काकू पोळ्या लाटता लाटता ऐकायच्या. दूध करंगळीला सोसेल एवढंच गरम हवं. विरजण कवडीएवढं पुरे. भांडं ब्लँकेटमध्ये गुंडाळून वॉटर हीटरच्या कपाटात ठेवा आणि सारखं उघडून बघू नका, दह्याला लाज वाटते. पडद्यावरचे ओठ आणि काकूंचा आवाज असे जुळले, की श्रीनाथ क्षणभर थक्क झाला, मग भानावर येऊन त्याने घाईघाईने फोनवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करायला सुरुवात केली.

शेवटी काकांनी भांडं झाकलं, हात पुसले आणि कॅमेऱ्याच्या जरा वर, कॅमेरा धरणाऱ्या माणसाकडे बघून काहीतरी म्हटलं. चार-पाच शब्द असतील. मग ते हसले आणि चित्र गदगदा हललं. काकू इथे गप्प होत्या.

फीत संपली. श्रीनाथने वाट पाहिली. तेवढं भरलं, की भाग पुरा होत होता. ग्रुपच्या इतिहासात असा शोध कुणाच्या नावावर नव्हता.

“इथे काय म्हणाले काका?” त्याने विचारलं.

“ते टीव्हीसाठी नव्हतं, श्रीनाथ,” काकू म्हणाल्या.

त्याने फोनवरचं रेकॉर्डिंग बंद केलं. काकूंनी संकोचून विचारलं, की तेवढाच शेवटचा तुकडा परत दिसेल का. लॅपटॉपमध्ये उतरला होता, दिसणार होता. श्रीनाथने तो पुन्हा पुन्हा लागेल असा लावून दिला, चहा टाकतो म्हणून स्वयंपाकघरात गेला आणि दार ओढून घेतलं.