उषाताई आणि आम्ही दोघी घुम्या

उषाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेट्रोत होते, दिल्लीतल्या द्वारकेहून ऑफिसला निघालेली. काका, म्हणजे ताईंचे यजमान, एवढंच म्हणाले, "वैजू, ती गेली. झोपेतच. तू ये." पुढच्या स्टेशनला उतरून मी उलटी गाडी पकडली आणि गाडीतूनच डॉक्टरांना, ताईंच्या बंगळूरच्या मुलाला, सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन केले. वर्षभर कर्करोगाने ताईंना इतकं सोलून काढलं होतं, की 'झोपेतच' हा शब्द ऐकून मला आधी जे वाटलं ते दुःख नव्हतं. सुटल्या बिचाऱ्या... असंच वाटलं. आता काही आठवड्यांनी हे लिहायला बसले आहे, तर तेच पुन्हा वाटतं आहे. त्यांच्याबद्दलही आणि, खरं सांगायचं तर, माझ्याबद्दलही.

लग्नानंतर मी दिल्लीत आले तेव्हा या सोसायटीत ओळखीचं कुणी नव्हतं. शनिवारी दुपारी उषाताईंकडे पाचसहा मराठी बायका जमून पुस्तक वाचतात हे कळलं, म्हणून गेले आणि अख्खी दुपार तोंड न उघडता परत आले. पुढची कितीतरी वर्षं तशीच जात राहिले. एकदा सासूबाई आल्या होत्या, त्यांनी ताईंना सरळ सांगून टाकलं, "आमची सून घुमी आहे हो." माझी मुलगी इरा दिल्लीतच वाढलेली. तिने निरागसपणे विचारलं, "घुमी म्हणजे खूप घूमनेवाली ना? पण आई तो कहीं जाती ही नहीं!" ताई पोट धरून हसल्या. मीही हसले, पण आतून तो शब्द लागला होता. लहानपणापासून तो माझ्या मागे होता. वडील गेले तेव्हा मी रडले नव्हते, पाहुण्यांच्या अंथरुणांची सोय बघत होते, आणि मावशीने सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "हिला काळीज आहे की नाही?" तो प्रश्न मीही स्वतःला अधूनमधून विचारत असे.

मग गुडगावच्या ऑफिसात आमची एक स्वभावाची चाचणी झाली. ढीगभर प्रश्न आणि शेवटी चार अक्षरं, म्हणजे तुमचा प्रकार. माझ्यापुढे आलं : अंतर्मुख, भावना बोलून न दाखवणारी, कृतीतून व्यक्त होणारी. मी ते फोनवर ताईंना दाखवलं. त्या निवृत्त शिक्षिका. चष्मा लावून सगळे प्रश्न पेपर तपासल्यासारखे वाचले. म्हणाल्या, "प्रश्न बरे आहेत गं. शनिवारी घेऊन ये."

त्या दिवसांत आम्ही एक जुनी कादंबरी वाचत होतो. तिची नायिका नवरा गेल्यावर रडत नाही, चारच दिवसांत शाळेत शिकवायला जाते. गटाचं मत ठरलेलं होतं : दगड आहे बाई! त्या शनिवारी ताईंनी माझा फोन मागून घेतला. "चलो, आज हिचीच परीक्षा. उत्तरं हिच्या वतीने द्यायची, पण पुस्तकातला पुरावा दाखवून." काय गोंधळ झाला! दुःखात ही माणसांत जाते की एकटी राहते, यावर केवढं भांडण. पुरावा शोधताना कुणाला तरी ते पान सापडलं, जिथे ती मेलेल्या नवऱ्याची तुटकी चप्पल मोच्याकडे नेऊन शिवून आणते आणि दाराशी ठेवते. आम्ही सगळ्यांनी ते वाचलं होतं, पण कुणी त्यावर थांबलं नव्हतं. शेवटी उत्तर आलं... तीच चार अक्षरं. माझीच.

मला राहवलं नाही. "ती दगड नाही," मी म्हणाले. "तिला हातांनी काही केल्याशिवाय दुःख करताच येत नाही." सगळ्या वळून माझ्याकडे बघू लागल्या. ताईंनी फोन माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाल्या, "बिल्कुल. आणि हे फक्त तिच्याबद्दल नव्हतं, हो ना?"

त्यानंतर मला नादच लागला. नवरा, साहेब, शेजारी, सगळ्यांना मी अक्षरं चिकटवू लागले. ताईंनी स्वतः चाचणी दोनदा दिली आणि दोन वेगळी उत्तरं आली. "सकाळी मी अंतर्मुख होते," त्या म्हणाल्या, "संध्याकाळी तुम्ही आलात!" मग चष्मा काढत, "ही अक्षरं दार उघडण्यापुरती ठीक आहेत गं. पण आत गेल्यावर माणूस बघायचा, दार नाही."

ते ऐकूनच मी धीर करून सासूबाईंना फोनवर म्हणाले, "आई, मी घुमी आहे, पण रुसलेली नसते." मग त्या म्हणाल्या, "असं होय... मला वाटायचं, माझं येणं तुला आवडत नाही." तेव्हापासून त्या आल्या की आम्ही दोघी गप्प बसून मजेत भाज्या निवडतो.

आजारपणात ताईंकडे खूप जण येत आणि रडत. त्यांचीच समजूत घालता घालता ताई थकून जात. मला म्हणायच्या, "तू येत जा. नुसती बसतेस, बरं वाटतं." मी बसायचे. उशा बदलायचे, औषधं लावून ठेवायचे.

त्या सकाळी मी पोचले, अंत्यविधीच्या तयारीला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. जिन्यात कुणीतरी कुजबुजलं, "किती पक्की आहे ही." मी ऐकलं, आणि काकांनीही. ते भिंतीला टेकून बसले होते, तिथूनच शांतपणे म्हणाले, "तिनेच सांगून ठेवलं होतं. आधी वैजूला बोलवा, रडायला सगळे आहेतच." त्या क्षणी माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं. रडू अजूनही आलेलं नाही. येईल तेव्हा येईल.

परवाच्या शनिवारी आम्ही काकांकडेच नवीन पुस्तक सुरू केलं. ताईंची एक सवय होती. कुठलंही नवं पात्र आलं की त्या विचारायच्या, "ही आपल्याकडे आली तर चहा कसा घेईल?" आणि त्यावर तासभर वाद व्हायचा. परवा पहिलं प्रकरण संपलं आणि तो प्रश्न माझ्याच तोंडून निघाला. मग काय... बिनसाखरेचा, बशीतून, आलं घालून, तिला चहा चालतच नसेल... नुसता कल्ला. स्वयंपाकघरातून काकांनी डोकं बाहेर काढलं. "तिचं नंतर बघू," ते म्हणाले, "आधी तुम्ही कसा घेणार ते सांगा."